यंत्र आणि आपण : खडकाळ वाटेवरची मोटारसायकल

झाशीचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या प्रवाशास तटावरील एक जागा मुद्दाम दाखविली जाते. १८५८ च्या एप्रिल महिन्यात, इंग्रजी फौजेचा वेढा पडला असता, राणी लक्ष्मीबाईंनी दत्तकपुत्र दामोदर यास पाठीशी घेऊन येथूनच घोडा खाली घातला, अशी लोककथा आहे. तीत इतिहास किती व आख्यायिका किती, हा प्रश्न आपण इतिहासकारांवर सोपवू. परंतु त्या तटावरून खाली वाकून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक साधी शंका आल्यावाचून राहत नाही. एवढ्या उंचीवरून उतरताना बसणारा धक्का सोसावयाचा कोणी? घोडा असेल तर उत्तर सोपे आहे. त्याचे पाय सांध्यांत दुमडतात, स्नायू धक्का जिरवितात आणि रिकिबीत उभा असलेला स्वार उरलेला भार आपल्या गुडघ्यांवर घेतो.

आज त्याच झाशीच्या परिसरात घोड्याची जागा मोटारसायकलीने घेतली आहे. शहरातून मोठे राष्ट्रीय मार्ग जातात व ते चांगले आहेत. पण मार्ग सोडून गावाकडे वळावे, तो काही अंतरावर डांबर संपते आणि विटा उभ्या लावून केलेला ‘खडंजा’, त्यापुढे मुरूम आणि त्याहीपुढे नुसता खडक लागतो. शाळामास्तर, दूधवाले, शेतकरी, कॉलेजचे विद्यार्थी, सारे याच वाटेने दुचाकीवरून जातात. महाराष्ट्रातील वाचकांना ही वाट अपरिचित वाटू नये. मराठवाड्याच्या काळ्या रानातून किंवा कोकणातील जांभ्याच्या सड्यावरून जो गेला आहे, त्याला तिचा अनुभव आहेच.

अशा वाटेसाठी खास बांधलेल्या मोटारसायकली आता आपल्या देशात तयार होतात व पुष्कळ घरांतील मुलांनी त्यांचा ध्यास घेतला आहे. गाडी घरात येते; मग अंगणात उभी राहताच तिचे महागडे सुटे भाग बदलण्याचा विचार सुरू होतो. या महिन्याच्या लेखात वाचकांना एकच गोष्ट सांगावयाची आहे. गाडीचे पाय, म्हणजे तिच्या स्प्रिंगा व शॉकअप, तिच्यावर बसणाऱ्याच्या वजनाशी जुळवून घेतले नाहीत, तर महाग गाडीही खडकावर दगा देते. आणि ते जुळविण्यासाठी पहिल्याने लागते ती मोजपट्टी, एक पाना व अर्ध्या तासाची सवड.

शब्दाविषयी थोडेसे

‘सस्पेन्शन’ या शब्दाला कोशात ‘निलंबन’ असा प्रतिशब्द सापडतो. तो बरोबर आहे. परंतु तो वाचताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चौकशीत सापडलेला एखादा कारकून उभा राहतो! म्हणून येथे गॅरेजात रूढ असलेले शब्दच वापरले आहेत. पुढचे चाक ज्या दोन नळ्यांमध्ये बसते तो फोर्क. मागचे चाक ज्या झुलत्या हातावर असते तो स्विंगआर्म. त्याला आधार देणारी, स्प्रिंग व तेल यांनी युक्त अशी नळी म्हणजे शॉकअप. या सर्वांना एकत्र धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा म्हणजे चेसिस.

सस्पेन्शनचे खरे काम

सस्पेन्शन म्हणजे आरामाची गादी, असा सार्वत्रिक समज आहे. आराम मिळतो हे खरे. पण तो आनुषंगिक लाभ आहे. त्याचे मुख्य काम चाक जमिनीस टेकलेले ठेवणे हे होय. चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही, वळण घेता येत नाही आणि इंजिनाची शक्तीही जमिनीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे जेवढा वेळ चाक अधांतरी, तेवढा वेळ गाडी स्वाराच्या हातात नसते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दगड आला की चाकाने वर जावे, हे सर्वांना समजते. परंतु खड्डा आला की त्याने झटकन खालीही उतरले पाहिजे. त्यासाठी स्वार बसल्यावर गाडी थोडी दबलेली असावी लागते. ती दबलीच नाही, तर खाली उतरण्यास चाकाला वाव उरत नाही व खड्ड्यावरून ते तरंगत जाते. उलट ती फारच दबली, तर दगडावरून वर जाण्यास वाव उरत नाही आणि धक्का सांगाड्यावर व तेथून स्वाराच्या पाठीवर आदळतो.

चाक वरखाली जाऊ शकते त्या अंतरास त्याची ‘चाल’ म्हणू. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्डच्या ‘हिमालयन’ला पुढे २०० व मागे १८० मिलिमीटर चाल होती. २०१९ मध्ये आलेल्या हीरोच्या ‘एक्सपल्स २००’ला ती पुढे १९० व मागे १७० मिलिमीटर होती, तिच्याच २०२३ मधील ‘प्रो’ आवृत्तीत ती २५० व २२० पर्यंत वाढविण्यात आली. मोटोक्रॉसच्या शर्यतीतील गाड्यांत ती ३०० मिलिमीटरच्या घरात जाते. रोजच्या वापराच्या साध्या मोटारसायकलीत ती याहून पुष्कळच कमी असते.

येथवर कसे आलो

आरंभीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसविलेल्या सायकलीच होत्या. मागचे चाक सांगाड्यास थेट जोडलेले असे आणि आसनाखालच्या स्प्रिंगा हाच काय तो दिलासा. १९३५ मध्ये जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे आतबाहेर सरकणारा व तेलाने नियंत्रित होणारा फोर्क आपल्या गाड्यांना बसविला. मागच्या चाकास स्विंगआर्म देणाऱ्या आरंभीच्या गाड्यांत रॉयल एनफील्डची ‘बुलेट’ होती. १९४८ मध्ये इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत तिच्या नमुन्याच्या गाड्या उतरल्या व त्यांच्या दोघा स्वारांनी सुवर्णपदके मिळविली. ‘असले लवचीक मागचे चाक खडबडीत वाटेवर टिकणार नाही’ असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. तीच बुलेट १९५० च्या दशकात भारतीय सैन्याने घेतली आणि १९५५ मध्ये मद्रास येथे तिच्यासाठी कंपनी निघाली.

दुसरे मोठे पाऊल १९७० च्या दशकात पडले. ल्युसियाँ तिल्केन्स नावाच्या बेल्जियन संशोधकाने मागील दोन शॉकअपऐवजी एकच लांब शॉकअप आसनाखाली बसविण्याची कल्पना मांडली. जपानच्या यामाहा कंपनीने ती उचलली व १९७३ मध्ये स्वीडनच्या हाकान अँडरसनने त्या गाडीवर २५० सी. सी. गटातील मोटोक्रॉसचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यानंतरच्या काही वर्षांत चाकाची चाल झपाट्याने वाढत गेली.

या उद्योगाशी महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. गॅब्रिएल इंडिया या कंपनीचा शॉकअपचा कारखाना १९६१ मध्ये मुंबईत मुलुंड येथे सुरू झाला. आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथील एंड्युरन्स कंपनीचे फोर्क व शॉकअप आज देशातील असंख्य दुचाकींवर आहेत. स्वारांचे म्हणाल, तर बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डकार ही वाळवंटातील जगप्रसिद्ध शर्यत पुरी केली, आणि मोटारसायकलवरून त्या शर्यतीत उतरणारे ते पहिले भारतीय ठरले. बंगळूरच्याच ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये बाहा प्रकारच्या विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळविले. तर केरळच्या हरित नोआ यांनी २०२४ च्या डकार शर्यतीत ‘रॅली-२’ हा गट जिंकला.

मोजपट्टी घेऊन बसा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हे काम तिघांचे आहे. घरातील मंडळींनी मिळून करावे. एकाने गाडी सरळ उभी धरावी, एकाने तिच्यावर बसावे व एकाने मोजावे. टायरमधील हवा आधी योग्य करून घ्यावी.

मागच्या चाकाच्या आसापासून सरळ वर, आसनाच्या बाजूच्या पत्र्यावर, खडूने एक खूण करावी. आस ते खूण हे अंतर तीनदा मोजावयाचे आहे. प्रथम गाडी ठोकळ्यावर अशी उभी करावी की मागचे चाक पूर्ण मोकळे लोंबेल. समजा, हे अंतर ६२० मिलिमीटर भरले. नंतर गाडी जमिनीवर आणून, स्टँड काढून, स्वाराशिवाय सरळ धरावी. समजा, आता ६०३ भरले. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने १७ मिलिमीटर बसली. यास ‘रिकामे बसणे’ म्हणू. शेवटी स्वाराने हेल्मेट, बूट व नेहमीचे सामान यांसह पायठशांवर भार देऊन बसावे. समजा, आता ५६८ भरले. म्हणजे गाडी एकंदर ५२ मिलिमीटर बसली. हे ‘स्वारासह बसणे’. जाणकार या बसण्याला ‘सॅग’ म्हणतात.

खडबडीत वाटेसाठी स्वारासह बसणे हे एकूण चालीच्या सुमारे तीस टक्के असावे, असा ढोबळ नियम आहे. मागची चाल १७० मिलिमीटर असेल, तर ५० ते ५५ मिलिमीटर म्हणजे ठीक. गाडी याहून अधिक बसत असेल, तर शॉकअपवरील कडे फिरवून स्प्रिंगेला थोडा आगाऊ ताण द्यावा. कमी बसत असेल, तर ताण सैल करावा. फिरवून झाल्यावर पुन्हा मोजावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कडे आवळल्याने स्प्रिंग ‘कडक’ होते, असे गॅरेजातही पुष्कळदा ऐकू येते. वस्तुतः स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर व व्यासावर ठरतो. कडे आवळून त्यात बदल होत नाही. आवळल्याने गाडीची मागची बाजू उंचावते, एवढेच. स्प्रिंग आपल्या वजनाला योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची खूण निराळी आहे. स्वारासह बसणे योग्य केल्यावर रिकामे बसणे पाहावे. तेही चालीच्या सुमारे दहा टक्के असेल, तर स्प्रिंग योग्य आहे. पण गाडी रिकामी असताना मुळीच बसत नसेल, तर स्प्रिंग त्या स्वाराला नरम पडते. म्हणूनच तिला एवढे आवळावे लागले. आणि रिकामी गाडीच पुष्कळ बसत असेल, तर स्प्रिंग त्याला फार कडक आहे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. परंतु थोडा विचार करताच पटेल. नवी स्प्रिंग घेण्याचा प्रश्न या मोजणीनंतरच उद्भवतो.

ज्यांच्या घरी साधी मोटारसायकल आहे, त्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. अशा पुष्कळ गाड्यांच्या मागील दोन शॉकअपना तळाशी पायऱ्यांचे कडे असते. हुकाच्या पान्याने ते एकेक पायरी फिरविता येते. सामान्यतः कारखान्यातून आलेली पायरी जन्मभर तशीच राहते. घरातील मुलगा ५५ किलोचा, वडील ८० किलोचे आणि रविवारी वडिलांच्या मागे आई व सोबत धान्याची पिशवी, असा एकाच गाडीचा वापर असेल, तर एकच पायरी तिन्ही प्रसंगी योग्य कशी ठरावी? भार वाढला की पायरी वाढवावी, उतरला की कमी करावी. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मात्र सारख्याच असाव्यात.

तेलाचे काम

स्प्रिंग दबली की तेवढ्याच जोराने उलट उसळते. तिला मोकळे सोडले, तर गाडी चेंडूप्रमाणे उड्या मारीत जाईल. ती उसळी आवरण्याचे काम तेल करते. शॉकअप व फोर्क यांच्या आत तेल लहान छिद्रांतून ढकलले जाते. त्या अडथळ्यात धक्क्याची शक्ती खर्च होऊन तिची उष्णता बनते. लांब, खडबडीत वाटेनंतर शॉकअपला हात लावून पाहिल्यास तो गरम लागतो, त्याचे कारण हे.

हा अडथळा दोन प्रकारचा असतो: दबतानाचा आणि परततानाचा. पैकी परततानाच्या अडथळ्याविषयी अधिक सावध असावे. तो फार कमी असेल, तर दगड ओलांडल्यावर गाडीची शेपटी उसळते व स्वार पुढे फेकला जातो. तो फार अधिक असेल, तर निराळाच प्रकार घडतो. एकामागून एक दगड येत असताना चाकाला पूर्ण परतण्यास अवधीच मिळत नाही. प्रत्येक दगडागणिक ते अधिकाधिक वर चढून बसते आणि अखेर चाल संपते. स्वाराला वाटते की गाडी कडक आहे. म्हणून तो स्प्रिंग सैल करतो आणि दुखणे वाढवून घेतो.

ज्या गाड्यांना हे अडथळे बदलण्याचे स्क्रू आहेत, त्यांच्या मालकांनी तीन पथ्ये पाळावीत. प्रथम स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून, तो किती ‘टिक्‌’ उघडा होता ते मोजून वहीत लिहावे. एका वेळी एकच स्क्रू व तोही दोनच टिक्‌ फिरवावा. आणि प्रत्येक बदलानंतर वाटेचा तोच तुकडा त्याच वेगाने पुन्हा जाऊन पाहावा. एकदम चार गोष्टी बदलणाऱ्याला कशाचा गुण आला ते कधीच कळत नाही. वैद्य बदलीत राहणाऱ्या रोग्यासारखी त्याची गत होते.

फोर्काची किती चाल वापरली गेली, हे पाहण्याची युक्तीही सोपी आहे. फोर्काच्या चकचकीत नळीवर, सीलाच्या अगदी लगत, एक बारीक प्लास्टिकची पट्टी आवळून बांधावी. रबरी आवरण असल्यास ते आधी वर सरकवावे. धक्क्याबरोबर पट्टी वर सरकते व तेथेच राहते. दिवसातील सर्वांत मोठ्या धक्क्याला जवळजवळ सर्व चाल वापरली गेली असावी. पट्टी कधीच अर्ध्यापुढे जात नसेल, तर पुढची बाजू तुमच्यासाठी कडक आहे. ती वारंवार टोकाला जाऊन आदळत असेल, तर नरम आहे.

एक टोक हलविले की दुसरे हलते

आता सांगाड्याकडे येऊ. सायकल हँडलला हात न लावता, नुसते आसन धरून ढकलली तरी सरळ जाते, हे आपण लहानपणी पाहिलेले आहे. याचे एक कारण पुढच्या फोर्काच्या कलात आहे. फोर्क ज्या आसाभोवती वळतो, त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर ती टायर जेथे जमिनीला टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. या दोहोंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात. चाक त्या बिंदूच्या मागून ओढले जात असल्यामुळे आपोआप सरळ होऊ पाहते. ट्रेल अधिक असेल, तर गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, पण वळावयास आळशी होते. कमी असेल, तर चटकन वळते, पण वेगात हँडल थरथरू लागते.

हा कल काही कायमचा कोरलेला नाही. गाडीची मागची बाजू बसली की तो वाढतो. पुढची बाजू बसली की कमी होतो. मागे दोन माणसे व सामान लादलेली गाडी वळणावर बाहेर का जाते व रात्री तिचा दिवा झाडांच्या शेंड्यांवर का पडतो, याचे उत्तर येथे आहे. मघाच्या उदाहरणातील गाडीवर मागे आणखी एक माणूस बसले व अंतर ५२५ वर आले, तर मागची बाजू ९५ मिलिमीटर बसली. १७० पैकी उरले ७५. चाल संपत आली हे तर झालेच. शिवाय पुढचे चाक हलके होऊन जमिनीवरील त्याची पकडही ढिली झाली. अशा गाडीवर उतारावरच्या मुरमात वळण घेणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण होय.

उंचीने लहान असलेले स्वार, आणि आता यांत मुलीही पुष्कळ आहेत, गाडी खाली घेण्यासाठी मागच्या शॉकअपची जोडपट्टी बदलून घेतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की नुसती मागची बाजू उतरविल्यास गाडी कायमचीच मागे माणूस बसल्यासारखी वागू लागेल. पुढच्या फोर्काच्या नळ्याही त्याच प्रमाणात वर सरकवाव्या लागतात. आणि तसे केल्यावर चाक पूर्ण वर गेले असता ते मडगार्डला किंवा सांगाड्याला घासत नाही ना, हे पाहावे लागते. एवढे करूनही गाडीचे पोट जमिनीच्या जवळ येते ते येतेच. त्यापेक्षा आसनातील फोम थोडा कापून घेणे हा कमी खर्चाचा व निर्धोक उपाय आहे.

सांगाडा कापणे किंवा त्यास नवे लोखंड जोडणे मात्र कोणीही करू नये. जोडाजवळचे लोखंड कमकुवत होऊन धक्क्यासरशी तुटू शकते. शिवाय नोंदणीपत्रातील वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये मनाई आहे.

साखळीविषयी एक सूचना येथेच करावी. चाक वरखाली जाते तेव्हा साखळीचा ताणही बदलतो. मागचा आस, स्विंगआर्मचा खिळा आणि पुढचे दातेरी चाक ही तिन्ही एका रेषेत आली की ताण सर्वाधिक होतो. लांब चालीच्या गाडीची साखळी उभ्या स्थितीत ढिली दिसते ती म्हणूनच. ती ढिली दिसते म्हणून कोणी आवळून ठेवली, तर मोठ्या धक्क्याला चाक वर जाऊच शकत नाही, आणि साखळी व बेअरिंग दोन्ही खराब होतात. पुस्तिकेत दिले असेल तेवढेच ढिलेपण राखावे.

बुंदेलखंडाची माती काय शिकविते

झाशीच्या आसपास या सर्व गोष्टींची परीक्षा थोड्याच कोसांत होते. येथील पाया ग्रॅनाइटचा. त्यातून पांढऱ्या गारेच्या दगडांच्या लांबच लांब भिंती डोके वर काढतात. मातीला येथील शेतकऱ्यांनी चार नावे दिली आहेत: राकड, पडुवा, काबर आणि मार.

राकड म्हणजे उंचवट्यावरची तांबडी, खडेमिश्रित जमीन. येथे लहान दगड एकामागून एक येतात. म्हणून चाक झटपट परतले पाहिजे. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते, कारण टायर हेच पहिले सस्पेन्शन होय. परंतु ती फार कमी केल्यास दगडाने रिम वाकते किंवा ट्यूब चिमटून फुटते. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरावी.

पडुवा फिकट, रेताड व भुसभुशीत. तिच्यावर गाडी चालविणे त्यातल्या त्यात सोपे. काबर व मार मात्र काळ्या. उन्हाळ्यात त्यांना भेगा पडतात व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या विटेसारख्या कठीण होतात. चाकोरीत पुढचे चाक अडकले, तर हँडल हिसकले जाते. म्हणून तेथे हँडलचे बेअरिंग ढिले नसणे व फोर्काची दोन्ही बाजूंची बसवणी सरळ असणे अगत्याचे. पावसाळ्यात हीच माती चाकाला लपेटून बसते व खालच्या मडगार्डमध्ये दाटून चाक अडविते. खडकाळ वाटेच्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून उंच का असते, हे तेव्हा समजते.

बेतवेच्या काठची वाळू याहून वेगळी. तेथे पुढचे चाक नांगरासारखे रुतू पाहते. वजन किंचित मागे घेऊन, पायठशांवर उभे राहून, एकसारखा वेग ठेवावा लागतो. पुढची बाजू फार नरम असेल, तर फोर्क दबून कल कमी होतो आणि चाक अधिकच रुतते. मात्र ओरछ्याच्या बाजूस नदीकाठी अभयारण्य आहे व इतरत्र शेते आहेत. मळलेली वाट सोडून तेथे गाडी घालू नये. दुसऱ्याच्या पिकातून चाक नेणाऱ्याचे कौशल्य कोणाच्या कौतुकाचे?

खडंज्यावरील विटांचा त्रास आणखी निराळा. धक्के लहान, पण अखंड. अशा वाटेवर रोज जाणाऱ्याने चाकाच्या तारा, हँडलचे बेअरिंग व स्विंगआर्मचे बुश दरमहा पाहावेत. तारांवर पान्याने हलके टोले दिल्यास घट्ट तार खणखणते व ढिली तार बद्द वाजते.

शरीरही यंत्राचाच भाग

गाडी कितीही जुळविली, तरी शेवटचे सस्पेन्शन स्वाराचे गुडघे व कोपर हेच असते. बसलेल्या माणसाचा कणा साधारणतः सेकंदास ४ ते ८ इतक्या कंपनांना सर्वाधिक हादरतो, आणि खराब वाटेवरचे हेलकावे बहुधा याच टप्प्यात येतात. म्हणून मोठा खड्डा दिसताच पायठशांवर उभे राहावे, गुडघे किंचित वाकवावे, हँडल सैल हातांनी धरावे. मागे बसणाऱ्यास हे करता येत नाही. मागे आई किंवा आजी बसलेल्या असतील, तर वेग कमी करणे हेच त्यांचे सस्पेन्शन. आणि आयएसआय चिन्हाचे हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर असावे, हे वेगळे सांगावयास नको.

वहीच्या पहिल्या पानावर

गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक लहान वही ठेवावी व तिच्या पहिल्या पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात:

१. घरातील प्रत्येक स्वाराचे, हेल्मेट व बुटांसह, वजन.

२. प्रत्येकासाठी गाडीचे रिकामे बसणे व स्वारासह बसणे, मिलिमीटरमध्ये.

३. मागे माणूस असताना व नसताना शॉकअपची पायरी किंवा कड्याची जागा.

४. स्क्रू असल्यास, ते पूर्ण बंद केल्यापासून किती टिक्‌ उघडे आहेत.

५. डांबरावरील व कच्च्या वाटेवरील हवेचे प्रमाण.

६. फोर्काचे तेल व सील बदलल्याची तारीख. नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर वाट न पाहता सील बदलावे. ते तेल ब्रेकच्या चकतीवर गेल्यास ब्रेक लागत नाही.

वाचकहो, ही वही ज्या घरात आहे तेथील मुलगा किंवा मुलगी महागडा शॉकअप मागावयास आली, तर वडिलांनी रागावण्याचे किंवा आईने घाबरण्याचे कारण नाही. त्यांनी वही मागवावी आणि विचारावे, ‘स्वारासह गाडी किती बसते? रिकामी किती?’ उत्तर वहीत असेल, तर मागणीचा विचार जरूर करावा. नसेल, तर खडू व मोजपट्टी घेऊन सर्वांनी मिळून अंगणात उतरावे. बहुतेक वेळा असे आढळेल की गाडीत दोष नव्हता. ती कोणातरी दुसऱ्याच वजनाच्या माणसासाठी लावलेली होती.